रेट्रो नाईटला पब्लिक नाचवणारी गाणी कशी निवडायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-पाच जणांचा छोटा बँड, ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड आणि दोन गाणारे, त्यातला एक बहुतेक वेळा गिटारवालाच, आणि एखादा कॅफे किंवा सोसायटीचा क्लब हाऊस म्हणतो की शनिवारी रेट्रो नाईट करा, लोक नाचले पाहिजेत. अशांसाठी हे सगळं. इथे मुख्यतः हिंदी फिल्मी गाणी धरलीयेत कारण पुण्या-मुंबईत तीच मागतात, मराठी आणि गोव्याचं वेगळं लिहिलंय.

रेट्रो म्हणजे नक्की कुठपासून कुठपर्यंत?

ढोबळ मानाने १९५० ते १९९०. पण खरा प्रश्न दशकाचा नाहीच, समोर कोण बसणारे त्याचा आहे. माणूस पंधरा ते पंचवीस या वयात जे ऐकतो त्यावर आयुष्यभर नाचतो, हे माझं मत, पण कुठल्याही लग्नात बघा पटेल. म्हणजे १९८० साली जे कॉलेजात होते ते आज साठी ओलांडलेले, त्यांचं रेट्रो म्हणजे कुर्बानी आणि कर्ज. पन्नाशी ओलांडलेल्यांचं रेट्रो म्हणजे तेजाब आणि त्रिदेव. आणि पंचविशीची पोरं आली तर त्यांना दशकाचं काही पडलेलं नसतं, त्यांनी सगळं रील्सवर ऐकलेलं असतं, त्यामुळे ती कशावरही नाचतात फक्त ठेका दणकून पाहिजे. आयोजकाला पहिला फोन करून हेच विचारा, कोण येणारे, किती वयाचे, आणि दारू आहे का. तिसऱ्या प्रश्नाला लाजू नका, त्यावर सेटची, म्हणजे सलग वाजवायच्या गाण्यांच्या फेरीची, सुरुवात ठरते.

सगळ्यांची लाडकी गाणी घेतली तरी कोणी उठत नाही, असं का होतं?

कारण लाडकं गाणं आणि नाचायचं गाणं ही दोन वेगळी खाती आहेत. लग जा गले हे घ्या, १९६४ चं, मदन मोहन, लताबाई, कुठल्याही गिगला, म्हणजे अशा कार्यक्रमाला, त्याची चिठ्ठी येते म्हणजे येतेच, आणि ते सुरू केलं की लोक डोळे मिटतात, मोबाईलचे टॉर्च लावतात आणि खुर्चीत अजून खोल जातात. त्यात गाण्याचा काही दोष नाही, ते ऐकायचंच गाणं आहे. बहुतेक बँडची यादी आठवणींवरून बनते, कानाने बनते, आणि रेट्रो नाईटची यादी पायाने बनवायला हवी.

त्यासाठी एक साधी परीक्षा करा. घरी चारजण गप्पा मारत बसलेले असताना गाणं मागे हळू आवाजात लावा, कोणाला काही सांगू नका, आणि शब्दांकडे लक्ष न देता फक्त लोकांचे गुडघे बघा. मुखडा यायच्या आत एखादा पाय हलला तर ते गाणं यादीत. अंतरा लागल्यावर पाय थांबला तर तेही लिहून ठेवा, म्हणजे त्या गाण्याचा एकच अंतरा वाजवायचा. असं केलं की तुमच्या चाळीस गाण्यांतली निम्मी आपोआप गळतात आणि जी गळतात ती बहुतेक तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारी असतात, त्याला इलाज नाही.

मग नाचतं गाणं ओळखायचं कसं, काही खुणा?

ठेका पहिल्या दोन ओळींत कळला पाहिजे आणि मधे तुटता कामा नये. मुखडा छोटा आणि लोकांना ओरडता येण्यासारखा. आणि तिसरी गोष्ट जी लोक विसरतात, ती म्हणजे नाचायला जोडीदार किंवा स्टेप लागते का. आपल्याकडे निम्मं पब्लिक एकट्याने, घोळक्याने नाचणारं, त्यामुळे साठच्या दशकातला ट्विस्ट हा छोट्या बँडचा सगळ्यात मोठा मित्र. ट्विस्टला जोडीदार लागत नाही, स्टेप शिकावी लागत नाही, काकांना गुडघ्याचा त्रास असेल तर ते नुसती कंबर हलवतात तरी शोभतं.

भूत बंगला मधलं आओ ट्विस्ट करें, १९६५, आरडी बर्मन आणि मन्ना डे, हे त्यातलं सरळ गाणं, तीन कॉर्डवाल्या रॉक अँड रोलच्या घराण्यातलं, बँड एका संध्याकाळी बसवेल. त्याच्या पुढच्या वर्षीचं तीसरी मंज़िल मधलं आजा आजा मैं हूँ प्यार तेरा जास्त दमवतं पण परत देतंही जास्त. चायना टाउन मधलं बार बार देखो, १९६२, यात टाळीची जागा गाण्यातच आहे, म्हणजे जे उठायला लाजतात त्यांना बसल्या बसल्या काम मिळतं, आणि टाळी वाजवणारा माणूस पुढच्या गाण्याला उठतो. मी सुरुवातीला नेहमी हे सुचवतो. आणि ब्रह्मचारी मधलं आज कल तेरे मेरे प्यार के चर्चे, १९६८, शंकर जयकिशन, रफी आणि आपल्या सुमन कल्याणपूर. या गाण्यावर आजवर रिकामा फ्लोअर बघितलेला नाही, दुसरी ओळ तर पब्लिकच म्हणतं, तुम्ही माईक पुढे करायचा फक्त.

सत्तरचं दशक जरा फसवं आहे. गाणी भारी पण अरेंजमेंट मोठी, आणि बरीच गाणी थांबत थांबत चालतात. पिया तू अब तो आजा घेणार असाल तर सुरुवातीचं सगळं नाटक कापा, थेट ठेक्यावर या, आणि आरडीने स्वतःच्या आवाजात मारलेली ती मोनिका नावाची हाक कोणालाही बाहेरून बोलावून मारायला लावा, ड्रमरला सुद्धा चालेल. शोले मधलं मेहबूबा त्या मानाने सोपं, आरडीनेच गायलंय, तिथे गोड गळ्यापेक्षा घोगरा जोर महत्त्वाचा. हम किसीसे कम नहीं मधलं बचना ऐ हसीनो, १९७७, हे तर बँडसाठीच बनल्यासारखं आहे.

डिस्कोला आलं की बेसवाल्याने मालक व्हायचं. बास ड्रम चारही मात्रांवर एकसारखा, बेस वरच्या-खालच्या सुरात उड्या मारतोय, बस्स, वरती कीबोर्ड थोडा कमी असला तरी कोणाला कळत नाही. आप जैसा कोई, १९८०, बिड्डूची चाल आणि नाझिया हसन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची, गाण्यात मुरक्या-हरकती नाहीत, त्यामुळे शास्त्रीय न शिकलेली मुलगी सुद्धा ते झकास गाऊ शकते. कर्ज मधलं मेरी उमर के नौजवानो, त्याच वर्षीचं, यात गाणं सुरू व्हायच्या आधी पब्लिकला प्रश्न विचारायचा असतो आणि पब्लिक उत्तर देतं, आयती सोय. डिस्को डान्सर १९८२ चं, त्यातलं जिम्मी जिम्मी फिमेल सिंगरला. आणि एक दो तीन, १९८८, त्याला तर आकडे मोजता आले की झालं.

जान पहचान हो घ्यावं का? आमचा गिटारिस्ट मागेच लागलाय.

घ्या पण कापून. गुमनाम १९६५ चं ते गाणं पडद्यावर टेड लायन्स आणि त्याचा बँड वाजवताना दिसतो, आणि २००१ मध्ये घोस्ट वर्ल्ड या अमेरिकन सिनेमाच्या सुरुवातीला वापरल्यामुळे बाहेरच्या देशातही त्याचे चाहते झाले, त्यामुळे प्रत्येक गिटारिस्टचं ते स्वप्न असतं. पण त्याचा वेग भयंकर आहे, साध्या माणसाला त्या वेगात नाचवत नाही, लोक उभं राहून बघतात आणि व्हिडिओ काढतात. म्हणून ते नाचाचं गाणं न धरता बँडचा खेळ म्हणून एक मुखडा, एक अंतरा, दोन मिनिटांत उरका आणि लगेच एखादं मध्यम चालीचं लावा.

आमच्याकडे ब्रास नाही, व्हायोलिन नाही, एकॉर्डियन नाही. ही गाणी पोकळ नाही का वाटणार?

सगळे पीस वाजवायचा हट्ट धरला तर वाटणार. त्या काळात स्टुडिओत मोठमोठे ताफे बसायचे आणि पीस लिहून द्यायला सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर असायचे, कागदावर नोटेशन, पन्नास माणसं एका दमात वाजवतायत. ते तुम्ही पाचजण करू शकत नाही आणि करूही नका. प्रत्येक गाण्यात एकच ओळख असते जिच्यावरून लोक पहिल्या तीन सेकंदात गाणं ओळखतात, ती शोधायची आणि तेवढीच अगदी जशीच्या तशी वाजवायची. बाकीचे इंटरल्यूड, म्हणजे गाण्याच्या मधलं नुसतं वाजवणं, अर्धे करा, दोनाऐवजी एक ठेवा. व्हायोलिनचा भाग कीबोर्डवर वाजवण्यापेक्षा तो गिटारवर घेतला तर बरा लागतो, कीबोर्डची स्वस्तातली स्ट्रिंग्ज ऐकली की ऑर्केस्ट्राचा फील येतो आणि तो वेगळा धंदा आहे, त्याची टिंगल नाही करत, पण आपण बँड आहोत.

पैसे असतील तर एकच जादा माणूस बोलवा, सॅक्सवाला किंवा ट्रम्पेटवाला. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांना विचारा, ही सगळी गाणी त्यांच्या बोटांत असतात आणि सीझन नसेल तेव्हा ते खुशीने येतात. फक्त एक रिहर्सल तरी त्यांच्यासोबत करा कारण पट्टीवरून वाद होतो.

आणि ठेक्यातला छोटा आवाज विसरू नका. आरडीच्या गाण्यात तो खर्र-खर्र असा रेसो रेसो ऐकू येतो ना, अमृतराव काटकरांनी गाजवलेला, तो एक आवाज आला की सत्तरचं दशक समोर उभं राहतं. तो न वाजवणाऱ्या गायकाच्या हातात द्या. तसंही गायकांना हातांचं काय करायचं ते कळत नसतं.

पट्टी कशी ठरवायची? ओरिजिनलमध्येच गायला पाहिजे ना?

नाही हो. पब्लिकमध्ये कोणीही ट्यूनर घेऊन येत नाही. रफीसाहेबांचे वरचे सूर दोन तास गाऊन दुसऱ्या सेटला आवाज बसलेले गायक खूप बघितलेत. नाचाच्या गिगला गायकाने घरी आरामात जी पट्टी लावली असती त्याच्या अर्धा किंवा एक सूर खालीच धरा, कारण स्टेजवर उत्साहात ओरडणं होतंच. रफी-किशोरचं गाणं मुलगी गाणार असेल तर चार-पाच सूर सरकवावं लागतं आणि मग गिटारवरची मोकळ्या तारांची मजा जाते, तिथे कापो, म्हणजे तारांवर लावायचा चिमटा, लावा किंवा पूर्ण वेगळ्या जागी वाजवून बघा. काळी दोन, काळी चार असल्या पट्ट्या गायकाला लाडक्या असतात आणि गिटारिस्टला नकोशा, हे भांडण प्रत्येक बँडमध्ये आहे, यात गायकाची बाजू घ्या. गळा एकच असतो, कापो शंभर-दोनशेला मिळतो.

टेम्पो किती ठेवायचा?

फोनवर टॅप करून ओरिजिनलचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, काढा आणि यादीत गाण्यासमोर लिहा. डिस्को साधारण ११० ते १२५ मध्ये बसतं. ड्रमरला दिव्याचा मेट्रोनोम द्या, आवाजाचा नको. स्टेजवर प्रत्येक गाणं पळतं, घाबरलेला बँड अजून पळतो, आणि पब्लिक साठीच्या वरचं असेल तर ओरिजिनलपेक्षा एक घर हळू वाजवलं तर लोक जास्त वेळ फ्लोअरवर टिकतात. मात्र त्याहून हळू नको, मग भजन होतं.

मराठी गाणी घालायची का? रेट्रोमध्ये चालतात?

चालतात काय, पुण्यात-ठाण्यात तर दुसऱ्या सेटला तीच वाचवतात. अश्विनी ये ना, गंमत जंमत मधलं, १९८७, अरुण पौडवालांचं संगीत, किशोर कुमार मराठीत गातोय, हे सुरू केलं की चाळिशीच्या वरचे सगळे अशोक सराफ होतात. पुढच्या वर्षीच्या अशी ही बनवाबनवी मधलं हृदयी वसंत फुलताना सुद्धा तसंच, ठेका सोपा आणि शब्द सगळ्यांना पाठ.

कोळीगीतांचा ठेका वेगळा, सहा मात्रांचा झुलता, त्यामुळे डिस्कोच्या मधेच टाकलं तर पाय अडखळतात. पण तीन कोळी ठेक्याची गाणी एकत्र लावली तर आजी-मावश्या पण उठतात. हा खेळ सावल्यांचा मधलं गोमू संगतीनं घ्या, १९७६ चं, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, हेमंत कुमार आणि आशाताई. हृदयनाथांचंच मी डोलकर डोलकर दर्याचा राजा हे सुद्धा, हे मात्र जरा डुलतं आहे, नाचरं कमी, म्हणून तिघांत पहिलं ठेवा आणि मग चढत जा. लावणी मात्र ढोलकी वाजवणारा नसेल तर करू नका. ऑक्टापॅडवरची ढोलकी ही ढोलकी नसते.

गिग गोव्यात असेल तर यादी बदलायची का?

बदलायची आणि भीती पण बाळगायची, कारण तिथलं पब्लिक खरंच नाचतं, जोडीने, स्टेप्ससकट. ट्विस्ट, चा चा, वॉल्ट्झ तिथे लग्नाच्या हॉलमध्ये चालतं, त्यामुळे तीन मात्रांचं गाणं जे पुण्यात फ्लोअर रिकामा करतं ते तिथे फ्लोअर भरू शकतं. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोंकणी गाणी दोन तरी बसवा, उच्चार एखाद्या गोंयकाराकडून तपासून घ्या. आणि जुनी हिंदी गाणी तिथे परकी नाहीत, सी. रामचंद्रांच्या अलबेला मधल्या, म्हणजे १९५१ च्या, त्या लॅटिन वळणाच्या गाण्यांमागे चिक चॉकलेट होता, तो गोव्याचाच ट्रम्पेटर. शोला जो भड़के तिथे वाजवून बघा. सी. रामचंद्रांचंच ईना मीना डीका, १९५७, हे तर कुठेही चालतं, पोरांना सुद्धा, शब्दांना अर्थ नसल्यामुळे कोणी चुकत नाही.

मेडली करावी का?

एकच करा, आणि दुसऱ्या सेटला. सलग दहा गाण्यांची मेडली म्हणजे पब्लिकला प्रत्येक गाण्यात रंगात येईस्तोवर गाणं संपलेलं असतं. तीन ते चार गाणी, एकाच ठेक्याची, एकाच किंवा शेजारच्या पट्टीची, आणि जोडताना ड्रम थांबता कामा नये. मेडली कशी बांधायची ते बघायचं असेल तर हम किसीसे कम नहीं मधली स्पर्धेची जी चार गाणी एकापाठोपाठ येतात ती ऐका, चाल कुठे बदलते, ठेका कुठे धरून ठेवलाय, सगळं त्यात आहे.

गाण्यांचा क्रम?

पहिलं गाणं ओळखीचं पण नाचायची सक्ती न करणारं, कारण पहिल्या गाण्याला लोक प्लेट हातात घेऊन उभे असतात. मग तीन-तीनच्या गठ्ठ्याने विचार करा, दोन गाणी चढती आणि तिसरं तिथेच धरून ठेवणारं. पाऊण तासाच्या सेटला दहा-अकरा गाणी पुरतात, जास्त बसवू नका, अनाउन्समेंट आणि वन्स मोअर मध्ये वेळ जातोच. दोन सेटमध्ये मिळून एकच सावकाश गाणं, तेही जोडप्यांसाठी, ऐ मेरी ज़ोहराजबीं लावा आणि कुठल्या तरी काका-काकूंना पुढे बोलवा. ते सावकाश पण नाही तसं, म्हणूनच चांगलं. दोन गाण्यांच्या मधे शांतता नको, गिटारिस्ट ट्यून करत असेल तर ड्रमरने ठेका चालू ठेवायचा. रिकामी पंधरा सेकंदं गेली की लोक बारकडे वळतात आणि मग त्यांना परत आणायला दोन गाणी खर्ची पडतात.

झिंगाटची फर्माईश आली तर?

येणारच. २०१६ चं गाणं रेट्रोमध्ये बसत नाही हे त्या माणसाला समजावण्यात अर्थ नाही, तो बहुतेक यजमानांचा भाचा असतो. शेवटचं म्हणून तयार ठेवा आणि तोपर्यंत हसून हो हो म्हणत राहा. बाकी चिठ्ठ्या घ्या पण न बसवलेलं गाणं स्टेजवर पहिल्यांदा वाजवू नका.

ट्रॅकवर गायलं तर सोपं नाही का?

सोपं आहे. पण फ्लोअर पेटलेला असताना मुखडा अजून चार वेळा फिरवायचा असतो आणि ट्रॅक तुमचं ऐकत नाही. अडलंच तर फक्त पर्कशनचा लूप घ्या.

लायसन्सचं काय? जुनी गाणी तर फ्री असतात ना?

नसतात. भारतात गीत आणि संगीतावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. सी. रामचंद्र १९८२ साली गेले म्हणजे त्यांच्या चालींचा हक्क २०४२ संपेपर्यंत, मग गाणं १९५१ चं असो नाहीतर काही. कॅफे, क्लब, तिकीट लावलेला शो असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचं, लायसन्स लागतं, ते सहसा जागावाला किंवा आयोजक काढतो, पण कोण काढणार हे आधी व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्या. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या कार्यक्रमांना कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. रेकॉर्ड केलेली गाणी ब्रेकमध्ये लावली तर त्याचं लायसन्स परत वेगळं.

आणि रात्री दहा. उघड्यावर स्पीकर दहानंतर बंद, राज्य सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून, ते वर्षाला पंधराच्या वर नसतात. म्हणून टेरेसवरचा गिग आठला सुरू होणार सांगितलं तर तो साडेआठला सुरू होणार हे धरून दुसरा सेट आधीच छोटा करून ठेवा, आणि तुमची सगळ्यात जोरदार तीन गाणी साडेनऊच्या आत वाजवून टाका, शेवटाला राखून ठेवली आणि पोलीस आले तर ती तशीच घरी जातात.

कपडे? बेलबॉटम, विग वगैरे?

ड्रमरला विग घालू नका. बाकी काय हवं ते करा.

एकूण किती गाणी बसवून ठेवायची?

दोन सेटना बावीस लागतील, तर अठ्ठावीस तयार ठेवा. जादाची सहा वेगवेगळ्या दशकांतली असू द्या, म्हणजे पब्लिक अंदाजापेक्षा तरुण किंवा म्हातारं निघालं तर ब्रेकमध्ये यादी फिरवता येते. यादीची प्रिंट मोठ्या अक्षरात काढा, गाणं, पट्टी, बीपीएम, सुरुवात कोण करणार, आणि पाच जणांना पाच कॉपी, मोबाईलवर नको, स्टेजच्या लाइटमध्ये स्क्रीन दिसत नाही आणि नेमका त्याच वेळी कोणाच्या तरी आईचा फोन येतो.